पाण्याचं तेवढं तू बघ

पाणी शुद्ध करण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा माझ्यावरचा विश्वास एकदम उडणार नाही. हळूहळू उडेल.

ओढ्याचं, झऱ्याचं, डबक्याचं, कसलंही पाणी आणून द्या. आधी ते रुमालातून गाळायचं. मग आयोडीनची गोळी टाकायची, झाकण लावून बाटली हलवायची, झाकण किंचित सैल करून थोडं पाणी आट्यांवर ओघळू द्यायचं, कारण तोंड लागतं ते तिथेच. मग बाटली अर्धा तास सावलीत ठेवायची आणि त्या अर्ध्या तासात कितीही तहान लागली तरी गप्प बसायचं. पाण्याला फिकट चहासारखा रंग आला की समजायचं, गोळीने काम केलं.

हे सगळं मला माझ्या बायकोने शिकवलं. तेही डोंगरावर नाही, दवाखान्यात. सलाइन लावलेला हात उशीवर ठेवून, दुसऱ्या हातात औषधाची रिकामी बाटली घेऊन तिने माझा अख्खा वर्ग घेतला. आट्यांवरून पाणी ओघळवायचा सराव मी तिच्या खाटेशेजारच्या बादलीत केला आणि परिचारिकेची बोलणी खाल्ली.

"बाबांचे हात थरथरतात, औषधाचे थेंब घातले तर निम्मे बाहेर सांडतात," ती म्हणाली. "दादा नवीन नवीन यंत्रं आणतो आणि ऐन वेळी घोळ घालतो. आईला तर सगळंच आधी उरकायचं असतं. पाण्याचं तेवढं तू बघ."

"बघतो."

"आणि त्यांना कळू देऊ नकोस. आपल्यावर विश्वास नाही असं वाटेल त्यांना. तुला एकट्याला सांगतेय."

थंडी संपायच्या आत ती गेली.

दरवर्षी आम्ही पाच जण डोंगरात जायचो. ती, तिचे आईवडील, तिचा मोठा भाऊ आणि मी. मी त्यांच्यात लग्नानंतर सामील झालेला, म्हणजे सगळ्यात मागून धापा टाकत येणारा. पाण्याचं खातं तिच्याकडे होतं. ओढा आला की ती बाटल्या भरून सावलीत ओळीने मांडायची, काहीतरी खुडबूड करायची आणि ओरडायची, "अर्धा तास कोणी हात लावायचा नाही." आम्ही हात लावायचो नाही. तिने त्यात काय घातलं हे विचारायची कोणाला कधी गरज पडली नव्हती.

तर ती गेल्यानंतर बरेच महिने सासरच्या कोणाचा फोन आला नाही. मीही केला नाही. करून बोलणार काय? मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारी घेतो. दिवसभर लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना सांगतो की शांत राहा, माणूस निघालाय. तेवढं सोडून मला फोनवर काही बोलता येत नाही.

मग एक दिवस सासऱ्यांचा फोन आला. सासरे आयुष्यभर नकाशे काढण्याच्या कामात होते. ते बोलतातही टोकदार पेन्सिलीने, एक रेघ जास्त नाही.

"जावईबापू, डोंगरावर एकदा जाऊन येऊ. शेवटचं."

"येतो, बाबा," मी म्हणालो आणि फोन ठेवल्यावर त्या 'शेवटचं'वर आठवडाभर झोपलो नाही. शेवटचं म्हणजे त्यांचे गुडघे दुखतात म्हणून, की शेवटचं म्हणजे माझ्याबरोबरचं? तसा हिशेब सरळ होता. त्यांची मुलगी होती म्हणून मी जावई होतो. आता मुलगी नाही, तर मी कोण? उद्या त्यांनी नमस्कार करून 'बरं आहे, येत जा अधूनमधून' म्हटलं असतं, तर मला त्यात चूक काढता आली नसती. आणि माझ्याकडे तिची म्हणून जी माणसं उरली होती, ती हीच तीन. त्यांच्यात राहायचं होतं मला. एवढीच इच्छा होती.

म्हणून मी बेत आखला. पाण्याचं खातं गुपचूप आपल्या हातात घ्यायचं. असं चोख घ्यायचं की माझ्याशिवाय यांचं पान हलू नये. मग बघू, शेवटचं कसं म्हणतात ते. गोळ्यांची नवीकोरी डबी घेतली आणि बुटाच्या मोज्यात लपवली.

निघायच्या ठिकाणी सासूबाईंनी पिशवीतून बाटल्या काढल्या. सासूबाई पडदे शिवतात. बाटल्या ओळखू याव्यात म्हणून त्यांनी प्रत्येकीच्या गळ्याला वेगळ्या पडद्याची पट्टी शिवून बांधलेली आहे. माझी निळी. सासऱ्यांची करडी. मेव्हण्याची चौकटीची. त्यांची स्वतःची फुलांची. आणि शेवटी त्यांनी पिवळ्या पट्टीची बाटली काढली. तिची. 

 मेव्हण्याने आकाशाकडे पाहिलं. सासऱ्यांनी नकाशाची घडी घातली, जी आधीच घातलेली होती. सासूबाईंनी ती रिकामी बाटली माझ्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात खोचली आणि म्हणाल्या, "असू दे. वजन काही नाही तिचं."

पहिला ओढा दुपारी लागला. सासऱ्यांनी बाटल्या भरल्या, पिवळी सोडून. सावलीत ओळीने मांडल्या. नंतर सगळे पाव-अंडी खायला खडकावर जाऊन बसलो आणि मी म्हणालो, "जरा बुटाची नाडी बांधून येतो."

"इथेच बांध की," मेव्हणा म्हणाला. मेव्हण्याचं चष्म्यांचं दुकान आहे, बारीकसारीक त्याला लगेच दिसतं.

"वाकलो की चक्कर येते. झाडाला टेकून बांधतो."

गेलो, सगळ्या बाटल्यांत गोळ्या टाकल्या, हलवल्या, आट्यांवरून पाणी ओघळवलं. साळसूद चेहऱ्याने परत आलो. लगेच सासरे उठले. "बाटल्यांवर ऊन आलं असेल, सरकवून येतो." ते आले तर मेव्हणा उठला. "माझी टोपी तिकडे राहिली." त्याची टोपी त्याच्या डोक्यावर होती. पण मी म्हटलं, दुःखात माणसाचं होतं असं.

अर्ध्या तासाने जाऊन पाहतो तर पाणी काचेसारखं स्वच्छ. रंगाचा पत्ता नाही.  आयोडीनची गोळी टाकली आणि रंग नाही, म्हणजे गोळी मेलेली! दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला! मी घाईघाईने आणखी गोळ्या टाकल्या. त्याही विरघळल्या, पण पाणी तसंच नितळ. मागे चाहूल लागली म्हणून वळलो, तर सासरे एक बाटली नाकाशी धरून हुंगत उभे. त्यांचा चेहराही पडलेला.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. वास येत नाही."

"चांगलंच की."

"हो. चांगलंच," ते म्हणाले आणि इतक्या खिन्नपणे माझ्याकडे पाहिलं, की मला वाटलं त्यांना तिचीच आठवण आली. मी तिथून हललो. माणसाला एकटं सोडावं अशा वेळी.

पाणी मात्र चवीला छान लागलं. किंचित आंबटसर, लिंबू पिळल्यासारखं. सासूबाई दर घोटाला विचारत होत्या, "बरं लागतंय ना?" आम्ही तिघंही "हो हो" म्हणत एकमेकांकडे संशयाने बघत होतो. प्रत्येकाला एकच काळजी, हे मला नंतर कळलं, की आपण घातलेलं काही लागू पडलेलं नाही आणि ही सगळी माणसं कच्चं पाणी पीत आहेत.

मुक्कामाच्या तंबूंपाशीही हाच प्रकार. मी दुप्पट गोळ्या टाकल्या. रंग नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओढ्यावर आणखी. रंग नाही. मी मनातल्या मनात तिला म्हणालो, अगं, एवढं एकच काम दिलं होतंस, तेही मला धड जमत नाही. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. झाडाआड जाऊन नाक शिंकरलं, तर पलीकडच्या झाडाआड सासरे नाक शिंकरत होते. आम्ही एकमेकांना पाहिलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशीचा शेवटचा ओढा महत्त्वाचा. त्याच्यानंतर वरच्या दगडी निवाऱ्यापर्यंत पाणी नाही, आणि निवाऱ्यातही नाही. सासूबाई हलकेच म्हणाल्या, "चार बाटल्या पुरायच्या नाहीत रात्रीला."

सगळ्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. मी पिवळ्या पट्टीची बाटली काढून सासऱ्यांना दिली. त्यांनी ती भरली. भरताना हात इतके थरथरत होते की मी खालून आधार दिला, आणि पाण्यात आमचे चारही हात गार पडले तरी आम्ही ती लवकर बाहेर काढली नाही.

मग नेहमीच्या नाड्या, नेहमीचं ऊन, नेहमीची टोपी. मी तर इरेला पेटलो होतो. तिच्या बाटलीत उरलेली निम्मी डबी रिकामी केली. म्हटलं, बाकी काही होवो, हिच्यातलं पाणी स्वच्छ झालंच पाहिजे.

अर्ध्या तासाने चौघंही एकदमच ओळीपाशी पोचलो. चार बाटल्या नितळ. आणि पाचवी, तिची, काळ्या चहासारखी. सासऱ्यांनी झाकण उघडलं, तर नुकत्याच पुसलेल्या दवाखान्याच्या फरशीचा भपकारा आला. तो वास आम्हा सगळ्यांना पाठ होता. सासऱ्यांनी पटकन झाकण लावलं.

मी सुन्न झालो. तिची एवढी एक वस्तू आणि मी ती नासवली.  मेव्हणा पांढरा पडला होता. सासरे खाली मान घालून उभे होते. कोणी कोणाला विचारलंसुद्धा नाही की हे कसं झालं. मी बाटली उचलून पिशवीत ठेवली आणि आम्ही मयताहून परतावं तसे एकामागे एक चढू लागलो.

पोटं बिघडली ती निवाऱ्यात पोचल्यावर. आधी मेव्हण्याचं. तो बूट काढता काढता थबकला, कपाळाला घाम आला आणि एका बुटानिशी बाहेर पळाला. बाहेर पत्र्याच्या दाराचा एकच संडास. तो परत येईपर्यंत सासूबाई उठल्या. त्या येईपर्यंत मी. मी कडी लावतोय तोच बाहेरून सासऱ्यांचा घसा खाकरण्याचा आवाज. दिवेलागणीपर्यंत आमच्या नाकी नऊ आले. आत एक, बाहेर एक, आणि बाकी दोघं बाकावर भिंतीला टेकून पुढचा नंबर कधी लागतो याची वाट बघत.

"पाणी," सासूबाई क्षीणपणे म्हणाल्या.

मी माझी निळी बाटली पुढे केली. मेव्हण्याने ती मधेच धरली. "नको. पाणीच बाधलंय."

"कशावरून?"

"ओढ्याच्या वर मेंढ्या बसतात. मी येताना पाहिल्या. आणि..." त्याने खिसा चाचपला. "आणि माझा दिवा चालला नाही."

"कसला दिवा?"

त्याने खिशातून पेनासारखं काहीतरी काढलं. पाण्यात बुडवून ढवळायचं, त्याच्या निळ्या किरणांनी जंतू मरतात. मी ते हातात घेऊन पाहिलं. टोकाला काळी रबरी टोपी होती, घट्ट बसवलेली.

"ही टोपी काढायची असते का, दादा?"

 दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर काचा धरणारा माणूस दोन दिवस टोपीसकट पाणी ढवळत होता, जाकिटाआड लपवून, घाईघाईने.

"आणि पाणी उकळायचा स्टोव्ह?" सासऱ्यांनी विचारलं.

"घरी ठेवला. दिवा होता म्हणून."

"मी आहे ना रे पाण्याचं बघायला," सासरे म्हणाले आणि त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून क्लोरीनच्या थेंबांची बाटली काढली. जवळजवळ रिकामी. "एवढी ओतली. वासच येईना. मला वाटलं, माझेच थेंब बाहेर सांडतायत. म्हणून आणखी, आणखी."

मी मोज्यातून गोळ्यांची डबी काढून मध्ये ठेवली.

तिघांची हत्यारं बाकावर मांडली होती आणि आम्ही त्यांच्याकडे बघत होतो. मेव्हण्याने आधी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिने," मी म्हणालो.

"काय म्हणाली?" सासऱ्यांनी विचारलं.

"म्हणाली, तुला एकट्याला सांगतेय."

सासऱ्यांनी डोळे मिटले. "मला म्हणाली, बाबा, त्याला अर्धा तास धीर धरवत नाही. दादाचा काही भरवसा नाही. पाण्याचं तेवढं तुम्ही बघा. तुम्हाला एकट्यालाच सांगतेय."

"मला म्हणाली, दोघांच्या हातात काही देऊ नकोस," मेव्हणा म्हणाला.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दवाखान्यातला तो बादलीचा वर्ग एवढी एकच गोष्ट अशी होती, जी तिने फक्त मला दिली असं मी धरून होतो. महिनोन्महिने त्या एका गोष्टीवर जगलो होतो. आणि तोच वर्ग तिने वेगवेगळ्या वेळी सगळ्यांचा घेतलेला होता. आजारी माणूस, बोलताना धाप लागायची, आणि एकेकाला बोलावून तेच तेच पुन्हा सांगत बसली होती.

"पण मग एवढं सगळं घालून काही लागू कसं पडलं नाही?" मेव्हणा म्हणाला. "आणि तिच्याच बाटलीत कसं पडलं?"

तेव्हा सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला.

त्यांच्याकडे कागदाची पुडी होती. पांढरी पूड, व्हिटॅमिन सी. "औषधाचा वास जातो याने, रंगही जातो. ती म्हणाली होती, आई, हे तिघं काही ना काही टाकणारच आहेत. तू फक्त चिमूटभर ही टाक, म्हणजे पाणी पिववेल."

"तिघं टाकणार, हे तिला माहीत होतं?"

"तिनेच तर सांगितलं होतं ना तुम्हाला."

"कधी टाकायची म्हणाली पूड?" मेव्हण्याने विचारलं.

"शेवटी. अर्ध्या तासानंतर." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "पण तुम्ही तिघं सारखे बाटल्यांपाशी. मला जागाच मिळेना. म्हणून मी रिकाम्या बाटल्या पुसतानाच टाकून ठेवायची. चिमूटभर कशाला, मूठभर टाकली. चांगली चव यावी म्हणून."

म्हणजे आम्ही जे जे ओतत होतो, ते सासूबाईंची पूड बाटलीच्या तळाशी बसून गिळत होती. आम्ही शुद्ध करत होतो, त्या आधीच पुसून टाकत होत्या. मेंढ्यांचं तेवढं जसंच्या तसं आमच्या पोटात जात होतं.

"आणि हिच्या बाटलीत?" सासऱ्यांनी विचारलं.

"हिच्यात नाही टाकली. तिला आंबट आवडायचं नाही."

"आम्ही सारखे उठत होतो ते तुम्हाला दिसत होतं, आई," मी म्हणालो. "बोलला का नाहीत?"

"तुम्ही तिघं तिच्यासाठी काहीतरी करत होतात," त्या म्हणाल्या. "मी कशाला मोडता घालू?"

मी पिवळ्या पट्टीची बाटली बाकावर आणली. एवढ्या सगळ्या डोंगरात पिण्याजोगं पाणी तेवढंच होतं, आणि ते पिववणार नव्हतं. सासूबाईंनी पुडी झटकून शेवटची पूड तळहातावर घेतली. त्यांचा हात बाटलीवर तसाच थांबला.

"टाक," सासरे म्हणाले. "आता वेळ झाली आहे."

त्यांनी पूड टाकली. मी बाटली हलवली. आमच्या डोळ्यांसमोर ते काळं पाणी क्षणात उतरत गेलं आणि नितळ झालं, आधी कधी काही घातलंच नव्हतं असं. मेव्हण्याच्या घशातून हुंदका फुटला. मग सासूबाई रडल्या. मग सासरे, रेघ जास्त न ओढणारे सासरे, तोंड उघडं टाकून मोठ्याने रडले, तिचं नाव घेऊन. ती गेल्यापासून ते नाव आमच्यापैकी कोणी एकमेकांसमोर उच्चारलं नव्हतं. आम्ही एक एक घोट घेत बाटली फिरवली. पाणी आंबट होतं. तिला मुळीच आवडलं नसतं.

"पुढच्या वेळी," सासरे डोळे पुसत म्हणाले, "पाण्याचं एकानेच बघायचं."

पुढच्या वेळी. मी ऐकलं. दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी काहीतरी बोलणार होतो, पण पोटात पुन्हा कळ आली आणि मला पळावं लागलं.

पत्र्याचं दार लावून बसलो. फटीतून थोडा उजेड येत होता. ती फक्त मला म्हणाली नव्हती, याचं वाईट वाटणं अजून चालूच होतं. थोड्या वेळाने बाहेर पावलं वाजली. मग दारावर थाप पडली. मी सवयीने म्हणालो, "शांत राहा, निघतोच आहे."

"शांत काय राहा?" बाहेरून सासरे ओरडले. इतक्या वर्षांत त्यांनी मला जावईबापू सोडून दुसरी हाक मारली नव्हती. "अरे गाढवा, आत झोपलास की काय? बाप इथे मरायला टेकलाय आणि याचं आपलं निवांत चाललंय. ऊठ आधी, मूर्खा!"

मी तसाच बसून राहिलो. तोंडावर दोन्ही हात घट्ट धरले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. त्यांनी आणखी एकदोन शिव्या घातल्या, त्याही ऐकून घेतल्या.

बाहेर आलो तेव्हा डोळे लाल होते. पोटात फार दुखलं म्हणून सांगितलं. सगळ्यांना ते लगेच पटलं.